थॉर्नबी बिल्डिंगमध्ये कुणी मरत नसे

शनिवारी दुपारीच धुकं उतरलं, म्हणून हेस्टर ट्रँटर जिन्यातले दिवे लावायला नेहमीपेक्षा लवकर निघाली. लंडनचं धुकं सगळीकडे सारखं नसतं. बरमाँडसीच्या धुक्यात कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचा वास असतो, व्हिनेगरचा असतो, ओल्या कोळशाचा असतो, आणि तोंड उघडं ठेवलं की ते जिभेवर येऊन बसतं. हेस्टरनं शाल नाकापर्यंत ओढली, दिवे पेटवायची काठी घेतली आणि ती तडक वरच्या मजल्यावर चढली. वरून सुरुवात करायची आणि दिवे लावत लावत आपल्या तळमजल्यावरच्या दारापर्यंत यायचं, अशी तिची रीत होती.

शेवटच्या वळणावर तिचा पाय घसरला. कठडा हाताला लागला म्हणून वाचली. काठी वर केली, गॅस फुरफुरून पेटला, आणि तिला दिसलं की पायऱ्या ओल्या आहेत. कुणी पाणी सांडलेलं नव्हतं. पायऱ्या कुंच्यानं नीट घासून धुतल्या होत्या. कार्बोलिक साबणाचा वास नाकात चढत होता आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या दगडानं सरळ रेघ ओढलेली होती.

अशी रेघ सबंध बिल्डिंगमध्ये एकच बाई ओढायची. ती बाई आता इथं राहत नव्हती.

थॉर्नबी बिल्डिंग मजुरांसाठी बांधलेली होती. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत काही मोठ्या लोकांना गरिबांचा कळवळा आला आणि त्यांनी कंपनी काढून जाड पिवळ्या विटांच्या अशा इमारती उभ्या केल्या. प्रत्येक मजल्यावर शेजाऱ्यांत मिळून एक नळ, एक संडास आणि पाळीपाळीनं धुवायचा एक जिना. आजूबाजूच्या गल्ल्यांत ताप आला की माणसं पटापट जायची. थॉर्नबीत तसं होत नसे. वसंतात कंपनीची सभा भरे, तेव्हा पोटावर सोन्याची साखळी मिरवणारा एखादा साहेब उठून सांगे की बघा मंडळी, चांगली भिंत आणि चांगला नळ दिला की गरीबसुद्धा मरायचं विसरतो. टाळ्या पडत.

भिंती चांगल्या होत्या, नळही चांगला होता, पण मरायचं कुणी विसरत नव्हतं. त्यांना मरायला दुसरीकडे पाठवलं जायचं, एवढंच.

हे काम दोघंजण मिळून करायचे. हेस्टरचा नवरा अमोस इथला सुपरिंटेंडंट. पूर्वी फौजेत सार्जंट होता, कान तिखट. कुणाच्या खोलीतून कसला खोकला येतो हे त्याला भिंतीआडून कळायचं. संध्याकाळी पावाला चरबी लावता लावता तो नुसतं म्हणायचा, "वरच्या क्राउचची छाती काही बरी वाटत नाही मला." बस्स, तेवढंच. मग हेस्टर कामाचा एप्रन सोडून धुतलेला एप्रन बांधायची, वाडग्यात सूप घ्यायची आणि वर जायची. ती कुणाला कधी दटावत नसे. पलंगाच्या कडेला बसून आजाऱ्याचा हात हातात घ्यायची आणि बोलायची. देवानं तिला आवाज दिला होता, असा की ऐकणाऱ्याचे खांदे आपोआप सैल पडावेत.

"नुसते थोडे दिवस," ती म्हणायची. "तिथं कोरडी गादी असते, ऊन ऊन सूप मिळतं, रात्री उशाशी माणूस बसतं. बरं वाटलं की परत यायचं."

आणि माणसं उठून जायची. कुणी गरीबखान्याच्या इस्पितळात, कुणी तापाच्या इस्पितळात. तिथं जे मरत ते इस्पितळाचे मेलेले. थॉर्नबीच्या खाती त्यांचा विटाळ नको. सुरुवातीला हेस्टरला खरंच वाटायचं की तिथं माणसं बरी होतात. मग वाटेनासं झालं. तरी ती बोलत राहिली. ती स्वतः नदीकाठच्या तळघरात वाढलेली, भरतीला भिंतीतून पाणी झिरपायचं अशा. अमोसचं काम गेलं तर ही तळमजल्याची कोरडी खोली जाणार आणि पुन्हा ते तळघर येणार, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं. तेवढ्यासाठी तिनं आपली जीभ विकली होती. रात्री उशीला डोकं टेकलं की हे तिला कळायचं, सकाळी चूल पेटवली की विसरायला व्हायचं.

ती रेघ ओढणारी बाई म्हणजे वरच्या मजल्यावरची मिसेस डॅगेट. विधवा, ब्रश बांधायच्या कामानं बोटं वाकडी झालेली. ऑक्टोबरात तिचा खोकला अमोसच्या कानावर आला आणि एका शनिवारी हेस्टर सूप घेऊन गेली.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरी, मला याच पलंगावर मरू दे. फार दिवस नाही लावायची मी."

"मरायची कसली भाषा करता, मिसेस डॅगेट? तुमची खोली मी तशीच ठेवते. कुलूप लावून. परत आलात की चहाच टाकायचा."

"आणि आज जिन्याची पाळी माझी आहे."

"जिना मी धुते तुमच्या वतीनं."

"रेघ ओढशील?"

"ओढीन की."

म्हातारीनं खुंटीवरची टोपी काढली. "फार गोड बोलतेस बाई तू," ती म्हणाली, आणि टोपी घालून गाडीत जाऊन बसली.

खोली लगेच दुसऱ्या बिऱ्हाडाला दिली गेली. जिना धुवायचं हेस्टर विसरली. इस्पितळातून निरोप आला तेव्हा मिसेस डॅगेटला गरिबांच्या सामाईक खड्ड्यात पुरूनही झालं होतं. इतकी माणसं गेली, पण हेस्टरच्या मनाला लागून राहिला तो न धुतलेला जिना. तेवढं तरी करता आलं असतं, असं तिला वाटत राही.

आता त्या ओल्या पायऱ्यांवर उभी राहून ती बघत होती, तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. बेला फेन बाहेर आली. हातात रिकामी किटली, बोटांना काड्यापेट्या चिकटवायची खळ वाळलेली. बेलाची मोठी मुलगी लेटी मागच्या हिवाळ्यात तापाच्या इस्पितळात गेली आणि तिथंच राहिली. तिलाही हेस्टरनंच समजावून नेलं होतं. तेव्हापासून बेला तिच्याशी बोलायची ती टोचूनच.

"काय बघता, मिसेस ट्रँटर? जिना स्वच्छ बघून धक्का बसला?"

"कुणी धुतला गं, बेला?"

"मी नाही बाई. माझी पाळी पुढच्या शनिवारी. आणि मिसेस डॅगेटच्या खोलीत आलेली नवी बाई तर सकाळपासून दाराबाहेर आलेली नाही." बेलाची नजर रेघेवर गेली आणि तिचं बोलणं मंदावलं. "कुंच्याचा आवाज मात्र ऐकला मी... मला वाटलं, तुम्हीच."

हेस्टर काही बोलायला गेली, तर घशात खरखर झाली. तिनं खाकरून बघितलं. धुक्यानं घसा धरला असेल म्हणून तिनं मान हलवली आणि दिवे लावत खाली आली. ओल्या पायऱ्या खालच्या मजल्याच्या दारापाशी संपल्या. तिथून पुढचा जिना नेहमीसारखा काळा, चिखलाचा होता.

पुढच्या शनिवारी पाळी बेलाची होती. बेलानं बादली भरून दार उघडलं तर तिचा जिना धुतलेलाच होता. आणि त्याच्या खालचाही.

बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, नवी बाई देवभोळी आहे, पुण्य कमावते. कुणी म्हणालं, फुकट धुऊन मिळतंय तर तोंड कशाला उघडा. बायका हसल्या, पण शनिवारी दुपारी पोरं जिन्यात खेळेनाशी झाली. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकवायची असते, ती कुणीच आपल्या दारावरून काढून दुसऱ्याच्या दाराला लावेना. हेस्टर सगळं बघत होती. तिला एक गोष्ट दिसत होती, ती दुसऱ्या कुणाला दिसत नव्हती. जिना कधीही वरून खाली धुवायचा असतो. जो कोण धुवत होता तो दर शनिवारी एकेक मजला खाली येत होता, आणि खाली शेवटी त्यांचंच दार होतं.

तिचा घसाही बसत चालला होता. मध घेतला, कांद्याचा काढा घेतला, छातीला फ्लॅनेल बांधलं. दर शनिवारनंतर आवाज आणखी थोडा जाई.

अमोस थट्टा करायचा, "देवानं माझं ऐकलं म्हणायचं." आणि हसता हसता खोकायचा.

तो खोकला तिनं आधी ऐकून न ऐकल्यासारखा केला. सबंध बिल्डिंगच्या छात्या ओळखणारा अमोस आता रात्री उशीत तोंड खुपसून खोकत होता. कोळशाची बादली उचलताना भिंतीला टेकायचा. एका पहाटे उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं. तिनं अभ्रा धुतला, तो बघत राहिला. दोघांनाही पुढचं सगळं पाठ होतं.

कंपनीचे सेक्रेटरी ऑर्मरॉड साहेब आले ते हातमोजे न काढता दारातच उभे राहिले.

"ट्रँटर, तुला मी काय सांगायचं? तुला नियम माझ्याहून जास्त माहीत आहेत. इस्पितळात तुझी सोय केली आहे. शनिवारी गाडी येईल."

"साहेब, मी इथंच पडून राहीन," अमोस म्हणाला. "कुणाला त्रास नाही देणार."

"त्रासाचा प्रश्न नाही रे. वसंतात सभेपुढे हिशेब ठेवायचा आहे. सुपरिंटेंडंटच्याच खोलीत तसलं काही झालं तर लोक काय म्हणतील?" ते हेस्टरकडे वळले आणि मंद हसले. "मिसेस ट्रँटर नीट समजावतील तुला. त्यांची त्याबद्दल ख्यातीच आहे."

ते गेल्यावर अमोस उशीवर मागे टेकला. एवढा उंच माणूस, पण पांघरुणाखाली आता काही उरलं नव्हतं. मग त्यानं तिचा हात धरला.

"हेस्टर, तू ते बोलणार नाहीस ना मला?"

"काय?"

"तसलं. त्या आवाजात. गादी आणि सूप." त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला. "मी बाहेर जिन्यात उभा राहून ऐकायचो तू बोलताना. आपण बरं करतोय असं मला दर वेळी वाटायचं. इतकं गोड बोलायचीस. मला नको ते. मला इथं मरू दे. शब्द दे."

"शब्द," ती म्हणाली. आवाज इतका फाटका होता की तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. तिनं त्याच्या कपाळावर ओठ टेकले. खोली जाऊ दे, तळघर येऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे, पण या माणसाला दारातून बाहेर काढायचं नाही, हे तिनं त्या क्षणी ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तळघराची भीती बाजूला ठेवली होती.

शनिवार उजाडला तोच पिवळ्या धुक्यात. दुपारपर्यंत अंगणापलीकडची भिंत दिसेनाशी झाली. हेस्टरनं दाराला कडी घातली, कडीखाली खुर्ची अडकवली आणि अमोसच्या पाठीमागे पलंगावर बसून त्याला छातीशी टेकवून धरलं. तसा बसला की त्याला श्वास बरा यायचा. सकाळपासून तिच्या घशातून शब्दच उमटला नव्हता. गाडीवान आला, दार ठोठावलं, तर नाही म्हणून सांगायलाही आपल्याला आवाज नाही, या विचारानं ती घाबरली होती. पण दार उघडलंच नाही तर कोण काय करणार, असं ती मनाला सांगत होती.

मग तिला ते ऐकू आलं.

घर्र... घर्र... कुंचा दगडावर चालत होता. वरून, शेवटच्या वळणावरून. थोडा वेळ घासल्याचा आवाज, मग पिळलेल्या फडक्यातून पाणी गळल्याचा, मग बादलीच्या कडीचा खण्ण असा आवाज, आणि बादली एक पायरी खाली. घाई नव्हती. ज्या बाईनं जन्मभर जिने धुतले तिची ती चाल होती. दाराच्या फटीतून कार्बोलिकचा वास आत आला आणि त्याच्यासोबत ओल्या मातीचा.

"कोण धुतंय?" अमोसनं विचारलं.

तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

बादली त्यांच्या दाराबाहेर टेकली. कुंचा उंबऱ्यावरून फिरला, एकदा, पुन्हा एकदा. पांढरा दगड कडेनं सरकल्याचा बारीक चरचर आवाज झाला. आणि मग सगळं शांत झालं.

हेस्टरनं डोळे मिटले. मनात म्हणाली, मिसेस डॅगेट, मी चुकले. जिना धुतला नाही, खोली ठेवली नाही, मी चुकले. मला न्या हवं तर. तिला वाटलं होतं की आता म्हातारीचा खोकला ऐकू येईल, नाहीतर ती घोगरी हाक.

बाहेरून आवाज आला तो हेस्टरचाच.

"अमोस... राजा..."

तोच आवाज. मऊ, स्वच्छ, जसा कित्येक आठवडे तिच्या घशात नव्हता.

"नुसते थोडे दिवस... तिथं कोरडी गादी असते... ऊन ऊन सूप मिळतं... रात्री उशाशी माणूस बसतं..."

तिच्या मिठीत अमोसचं अंग ताठ झालं. ती त्याच्या पाठीमागे होती. तिचे ओठ मिटलेले आहेत हे त्याला दिसत नव्हतं.

"शब्द दिला होतास, हेस्टर," तो म्हणाला.

तिनं जोरजोरात मान हलवली. तोंड उघडलं, सगळा जीव एकवटून ओरडायला गेली, आणि घशातून नुसती हवा निघाली.

"बरं वाटलं की परत यायचं..." आवाज म्हणाला.

अमोस रडला नाही. त्याच्या खांद्यांतला ताठरपणा हळूहळू गेला. हेस्टरनं हे किती माणसांच्या खांद्यांत घडताना बघितलं होतं! आपला आवाज लागला की असंच व्हायचं. तो उठून बसला. इतके दिवस कुशीवर वळायलाही मदत लागायची, तो उठून उभा राहिला, कोट घातला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर जातो."

तिनं त्याचा दंड पकडला. दोन्ही हातांनी पकडला, लोंबकळली. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, न रागावता.

"ओढू नकोस गं. जा असं पण तूच म्हणतेस आणि ओढतेस पण तूच."

त्यानं खुर्ची सरकवली, कडी काढली. दाराबाहेर कुणी नव्हतं. बादली नव्हती. उंबरा ओला होता आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ होती. अमोसनं सवयीनं ती रेघ न मोडता पाय पलीकडे टाकला आणि धुक्यात चालू लागला. गाडी फाटकाशी उभी होती. हेस्टर मागे धावली, पण धुतलेल्या फरशीवर पाय निसटून गुडघ्यावर पडली. ती उठेपर्यंत घोडा निघाला होता.

अमोस त्याच आठवड्यात गेला. इस्पितळाच्या खाती.

ऑर्मरॉड साहेबांनी येऊन तिचा हात हातात घेतला. "तुमचं मोठं मन, मिसेस ट्रँटर. गाडीवान सांगत होता, ट्रँटर काही कुरबुर न करता आला म्हणून. तुम्ही फाटकापर्यंत त्याच्या शेजारून चालत समजावत होतात म्हणे. धुक्यात दिसत नव्हतात, पण आवाज ऐकून त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं." मग त्यांनी खोली कधी रिकामी करता ते विचारलं.

ती आपलं गाठोडं घेऊन जिन्याच्या पायथ्याशी बसली होती तेव्हा बेला फेन खाली आली. तिनं गाठोड्याकडे बघितलं, मग हेस्टरकडे.

"घसा गेला तो गेलाच?"

हेस्टरनं मान हलवली.

"अजिबात बोलता येत नाही?"

पुन्हा मान.

"मग चला वर," बेला म्हणाली. "काड्यापेट्या चिकटवायला मला दोन हात हवेच आहेत. तोंड बंद आहे तोवर राहा." गाठोडं तिनंच उचललं. दोन पायऱ्या चढून मागे वळली आणि हळूच म्हणाली, "त्या शनिवारी मी इथंच होते. दाराशी. तुम्ही जमिनीवर पडला होतात आणि तुमचा आवाज फाटकाशी होता. मी बघितलं ते." त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

तो हिवाळा वाईट गेला. गल्ल्यांतून रोज कुठे ना कुठे पडदे ओढलेले दिसत, कारण घरात मढं असलं की खिडकीचा पडदा ओढायची रीत. थॉर्नबीत मात्र एकही पडदा ओढला गेला नाही. नवा सुपरिंटेंडंट घुमा माणूस होता. तो कुणाच्या खोलीत जात नव्हता, कुणाला काही सांगत नव्हता. तरी आजारी पडलेली माणसं एखाद्या शनिवारी आपणहून उठून, टोपी घालून, खाली चालत यायची. घरची माणसं अडवायची, तर म्हणायची, "अगं, इतकं गोड सांगतेय बाई... नाही कसं म्हणू?" वसंतातल्या सभेत टाळ्या जरा जास्तच पडल्या असतील.

प्रत्येकाच्या वेळी हेस्टर खळीनं माखलेले हात कानांवर दाबून बसायची. काही उपयोग होत नसे. स्वतःचा आवाज माणसाला आतूनही ऐकू येतो.

फेब्रुवारीत बेलाची धाकटी, नॅन, खोकू लागली. मग अंगावर लाल पुरळ उठला. बेलानं दार लावून घेतलं, नळावर जायचं बंद केलं, फटींत चिंध्या कोंबल्या. गोदीवर कामाला जाणाऱ्या नवऱ्याला बहिणीकडे झोपायला धाडलं.

"एक दिली," ती हेस्टरला म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. "ही नाही देणार. तुम्ही त्या बाजूला बसा, मी या बाजूला. आवाज आला की दोघींनी मिळून पोरीचे कान धरायचे. ऐकलंच नाही तर जाईल कशी?"

हेस्टरनं मान डोलावली. हे आपल्याला करता आलं, निदान ही एक पोर ठेवता आली, तर... पुढचं ती मनातही म्हणू धजली नाही.

शनिवारी दुपारी धुकं खिडकीला येऊन टेकलं. जिन्यात कुंचा वाजू लागला. बेलानं दात आवळले आणि दोघींनी नॅनचं तापलेलं डोकं मधे घेऊन तिच्या कानांवर हात दाबले. बाहेर बादली टेकली. रेघ ओढल्याचा आवाज झाला.

"नॅन... बाळा... नुसते थोडे दिवस..."

बेला मोठमोठ्यानं गाऊ लागली, काहीतरी, जे सुचेल ते. हेस्टर हात आणखी घट्ट दाबत होती. आवाजानं गादीचं सांगितलं, सुपाचं सांगितलं. मग तो थोडा थांबला आणि जे हेस्टरनं आयुष्यात कुणालाही कधी सांगितलं नव्हतं ते बोलला. ते दोघींना स्पष्ट ऐकू आलं. बेलाचं गाणं तिथंच तुटलं.

नॅननं डोळे उघडले. ती हसत होती.

"आई, तिथं लेटी आहे," ती म्हणाली. "बाई सांगतेय... लेटी वाट बघतेय माझी."

"नाही," बेला म्हणाली. "नाही, बाळा. झोप. पाय आत घे."

नॅनचे पाय पांघरुणाबाहेर आले होते. पायांत बूट होते. सकाळी दोघींनी मिळून तिला पुसून, अनवाणी झोपवलं होतं. बूट नॅनचे नव्हतेच, तिला मोठे होत होते. तपकिरी, टाचेला ठिगळ मारलेले, लेटीचे. लेटीला नेलं तेव्हा ते तिच्या पायांत होते, आणि तापाच्या इस्पितळात मेलेल्यांचं सगळं जाळून टाकतात.

बेला बुटांकडे बघत राहिली आणि मग हेस्टरकडे. त्या दिवशी ते बूट लेटीच्या पायांत कुणी चढवले होते ते दोघींना आठवत होतं. पोर रडत होती, पाय झाडत होती, म्हणून हेस्टरनं तिला बोलण्यात गुंतवून नाड्या स्वतःच बांधल्या होत्या, दुहेरी गाठ मारून, वाटेत सुटू नयेत म्हणून.

बाहेर आवाज शांतपणे वाट बघत होता. नॅन उठून बसली.

हेस्टर पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि गाठ सोडू लागली. नाडी पाण्यानं ओली होती. तिनं नखं लावली, दात लावले. गाठ तिनंच मारलेली होती, तिच्याच पद्धतीची, आणि ती काही केल्या सुटेना.